नाना परीचे नाना

नाना म्हणजे कोण, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक वाड्यात निदान एक नाना असायचेच. चाळीत दोन-दोन असत. मग एक ‘जिन्याजवळचे नाना’ आणि दुसरे ‘नळाजवळचे नाना’ अशी त्यांची वाटणी होई. वर्तमानपत्राची घडी मोडायचा हक्क नानांचा. आंब्याचा वास घेऊन ‘अजून दोन दिवस अढीत राहू दे’ असा निकाल देण्याचा हक्कही नानांचाच. घरात काही हरवलं, तर ते नानांच्या उशाखाली सापडे. हे नाव ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे विशीतला पोरगा उभा राहत नाही. केस पिकले म्हणून माणूस नाना होतो, की नाना झाल्यामुळे त्याचे केस पिकतात, एवढाच काय तो वादाचा मुद्दा.

मी मात्र सातव्या वर्षीच नाना झालो. पाठच्या बहिणीला माझं पाळण्यातलं नाव उच्चारता येईना. तिनं आपल्या सोयीनं मला ‘नाना’ केलं आणि आळीनं ते उचललं. आज माझं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं आहे. बँकेत ते पुकारलं गेलं की मी ढिम्म बसून राहतो. शेजारचा गृहस्थ कोपरानं ढोसतो तेव्हा कुठे उठतो.

पण यात नवल असं काही नाही. आपल्याकडचे बहुतेक नाना मुळात दुसरेच कोणीतरी असतात. १७६१ च्या पानिपताशी दोन नानांचा संबंध आला. एक नानासाहेब पेशवे. पराभवाच्या धक्क्यानं खचून ते त्याच वर्षी जूनमध्ये गेले. दुसरे नाना फडणीस. तेव्हा त्यांना एकोणिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तीर्थयात्रा घडेल म्हणून आईला घेऊन ते फौजेबरोबर उत्तरेत गेले होते. आई त्या धामधुमीत गेली. ते कसेबसे जीव वाचवून परतले आणि पुढं जवळजवळ चाळीस वर्षं जगले. आता गंमत बघा. या दोघांचंही नाव बाळाजी! पेशवे ते बाळाजी बाजीराव आणि फडणीस ते बाळाजी जनार्दन. दोघांचे आजोबाही बाळाजीच.

इथंच आपल्या नानांची गुरुकिल्ली आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, ही आपली रीत. पण सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हीसुद्धा आपलीच रीत. मग पोरानं दुधाचं भांडं लवंडलं तर त्या माउलीनं हाक तरी काय मारावी? ‘बाळाजी, मेल्या, थांब’ म्हणावं तर आत ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज यायचा, ‘काय गं?’ म्हणून मग नाना, तात्या, अप्पा, अण्णा, बापू, भाऊ अशी हलकी नावं वापरात आली. खरं नाव देव्हाऱ्यात आणि हे रोजच्या वापराला. धोंडोपंत नानासाहेब झाले ते असेच, आणि मुंबईचे जगन्नाथ शंकरशेटही लोकांच्या तोंडी नाना शंकरशेटच राहिले. (‘नानाची टांग’ यांपैकी कोणत्या नानाची, याचा मात्र इतिहासकारांनी अजून तपास लावलेला नाही.)

संस्कृतात गेलं तर नाना हे माणसाचं नाव नाही, अव्यय आहे. नाना देश, नाना वेश, नाना तऱ्हा हे सगळे तिकडून आलेले. पाणिनीनं ‘विना’ आणि ‘नाना’ हे दोन शब्द एकाच सूत्रात साधून दाखवले आहेत आणि दोहोंचा अर्थ एकच दिला आहे : सोबत नसणं. म्हणजे नाना हा विनाचा सख्खा भाऊ. जे एकत्र नाही ते नाना, वेगवेगळं ते नाना, आणि म्हणून पुष्कळ प्रकारचं तेही नाना. जुन्या संस्कृतात तर नाना म्हणजे सरळ ‘वाचून’ असाही प्रयोग होतो. कोशात त्याचं जे उदाहरण देतात त्याचा मतितार्थ असा की नारीवाचून संसारयात्रा निष्फळ. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढं पॅरिसला गेल्यावर लागणार आहे.

माझ्या नानापणाला पहिला तडा मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा गेला. शेजारच्या टेबलावरचे गुजराती सद्गृहस्थ माझं नाव ऐकून हसले. त्यांच्या भाषेत नाना म्हणजे लहान. ‘नानाभाई’ म्हणजे धाकटा भाऊ. आपल्या खेड्यापाड्यांत ‘न्हान’ म्हणतात त्याच घरातला तो शब्द. म्हणजे तापीच्या अलीकडे जो वडीलधारा, तो पलीकडे गेला की चिमुकला! नामवंत कायदेपंडित नानी पालखीवाला यांचं पूर्ण नावही नानाभॉय. आणि ‘नानी’ हे नाव दिल्लीच्या माणसानं ऐकलं तर त्याच्यापुढं चष्मा लावून लोणचं घालणारी आजी उभी राहणार. पालखीवाला न्यायालयात उभे राहिले की समोरच्या वकिलाला नानी आठवत असेल, हा भाग वेगळा.

खरा पेचप्रसंग मात्र पुढंच होता. आमच्या चिरंजीवांनी कानपूरची मुलगी केली. मुलगी लाखात एक, व्याही तर सव्वा लाखात. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग नात झाली आणि बारशाला व्याह्यांनी मला बाजूला घेऊन मायेनं सांगितलं, “भाईसाहब, नाना तो हम हुए. आप तो दादा हैं.”

मी म्हटलं, “मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, नाहीतर नाक्यावरचा गुंड. सत्तराव्या वर्षी यांपैकी मला काहीच होता येणार नाही. आणि मी गेली त्रेसष्ट वर्षं नाना आहे. तुम्ही गेल्या मंगळवारपासून!”

ते हसले, पण हटले नाहीत. हिंदीत आईचा बाप तो नाना, हा कायदा. त्यात हवा-नको चालत नाही. पुरावा म्हणून ते म्हणाले, “हमारे शहर में तो नानाराव पार्क है.” मी उसळलोच. अहो, तो नानाराव म्हणजे आमचे धोंडोपंत! दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, बिठूरला राहिलेले, १८५७ चे नानासाहेब! तुम्ही ज्या बागेत सकाळी फिरता ती आमच्या नानांची आहे. यावर व्याही शांतपणे म्हणाले, “नाम आपका, मगर लड़े तो हमारे यहाँ.” याला उत्तर नव्हतं. सामना बरोबरीत सुटला.

हे एवढ्यावर भागलं असतं. पण मुलगा-सून राहतात हैदराबादला. तिथल्या पाळणाघरातल्या बाई संध्याकाळी आमचे चिरंजीव फाटकाशी दिसले की नातीला सांगतात, “नान्ना वच्चारु!” म्हणजे बाबा आले. तेलुगूत नान्ना म्हणजे बाप. थोडक्यात काय, एका सव्वा वर्षाच्या पोरीला तीन पुरुष तीन दिशांनी एकच शब्द शिकवत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो शब्द आपला.

दिवाळीत सगळे एकत्र जमलो असताना ती पहिल्यांदा स्पष्ट म्हणाली, “ना-ना!” व्याही गुडघा धरून उठले. मी चष्मा सोडून धावलो. मुलगा मोबाईल टाकून आला. आम्ही तिघेही हात पसरून समोर उभे. आणि पोरगी आमच्या तिघांच्या मधून, टेबलावरच्या फण्यातल्या केळ्याकडे बोट दाखवत होती. पाळणाघरात चित्रांचं इंग्रजी पुस्तक होतं. ‘बनाना’तला ‘ब’ तिनं अनावश्यक म्हणून गाळला होता.

घरातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण मला रात्री झोप येईना. त्रेसष्ट वर्षं ज्या हाकेला ‘ओ’ दिली ती नातीच्या तोंडून आपल्याला यायचीच नाही की काय, हा विचार थट्टेचा नव्हता. दादा म्हटलं तरी मी येईन, आजोबा म्हटलं तरी येईन. पण नाना म्हटल्यावर जो आतला माणूस उठतो तो दुसऱ्या हाकेनं उठत नाही. म्हणून पुण्याला परतल्यावर ग्रंथालयाची वाट धरली. या शब्दावर आपला हक्क जुना आहे, असा एखादा भक्कम दस्तऐवज मिळाला तर तो व्याह्यांच्या तोंडावर, आपलं, हातात ठेवायचा होता.

दस्तऐवज मिळाले, पण सगळे आमच्याच विरुद्ध. इंग्लंडात नाना म्हणजे आजी. आजीच, आजोबा नव्हे! बॅरी यांच्या १९०४ च्या ‘पीटर पॅन’ नाटकात तर नाना नावाची एक मोठी केसाळ कुत्री आहे आणि ती मुलांना सांभाळते. स्पेनमध्ये नाना म्हणजे अंगाई. मानुएल द फाया या संगीतकारानं १९१४ साली रचलेल्या सात लोकगीतांतलं एक त्याच नावाचं आहे. अरबांकडे जवळपास असाच शब्द पुदिन्याला आहे. इटलीत नाना म्हणजे बुटकी बाई, आणि हिमगौरीचे सात बुटके म्हणजे तिकडे ‘सेत्ते नानी’. जपानीत नाना म्हणजे सात हा आकडा. म्हणजे जपानी नाना आणि इटालियन नानी एकत्र आणले की हिमगौरीची अर्धी गोष्ट तयार! जपानात मुलींना हे नाव ठेवतात. आय याझावा या बाईंनी २००० साली ‘नाना’ नावाची एक चित्रकथा सुरू केली. तिच्यात नाना नावाच्या दोन मुली ७०७ नंबरच्या खोलीत एकत्र राहतात. दोन नाना एका घरात गुण्यागोविंदानं राहू शकतात, हे वाचून जरा धीर आला.

पॅरिसला मात्र धीर सुटला. तिथं नाना हे ‘आना’ या नावाचं लाडकं रूप. १८७७ साली माने या चित्रकारानं ‘नाना’ नावाचं चित्र काढलं : आरशापुढं अपुऱ्या कपड्यांत पावडर लावणारी बाई आणि बाजूला टोपी घालून ताटकळणारा गृहस्थ. सरकारी प्रदर्शनानं ते नाकारलं, तेव्हा पठ्ठ्यानं ते बाजारपेठेतल्या दुकानाच्या काचेत लावलं. मग एमिल झोलाची ‘नाना’ ही कादंबरी १८८० मध्ये पुस्तकरूपानं आली. तिची नायिका गणिका. आणि योग असा की त्याच वर्षी ज्यूल व्हर्नची हिंदुस्थानावरची, वाफेवर चालणाऱ्या हत्तीची कादंबरीही प्रसिद्ध झाली. तिच्यातला प्रतिनायक कोण? आमचे बिठूरचे नानासाहेब! १८८३ मध्ये तर रिशपँ नावाच्या कवीनं ‘नाना साहिब’ हे नाटकच रंगभूमीवर आणलं आणि त्यात सारा बर्नार्डनं काम केलं. पॅरिसच्या भिंतींवरची नुसती ‘नाना’ ही अक्षरं वाचून कोणत्या अपेक्षेनं कोण कुठं जाऊन बसला असेल, हे एक झोलालाच ठाऊक. पुढं फ्रेंच बोलीत नाना म्हणजे कोणतीही तरुण बाई, असाच अर्थ रूढ झाला. १९६५ पासून निकी द सँ फाल या शिल्पकर्तीनं ज्या गलेलठ्ठ, रंगीबेरंगी, नाचणाऱ्या बायका घडवल्या त्यांचं नाव ‘नाना’च, त्यांतल्या तिघी १९७४ पासून जर्मनीत हॅनोव्हर शहरात नदीकाठी उभ्या आहेत. सडपातळ नाना फडणिसांनी त्यांच्याकडे पाहून उपरणं सावरलं असतं. आणि संस्कृतातलं ते उदाहरण आठवा : तिकडे ‘नाना’ म्हणजे जिच्यावाचून चालत नाही ती, आणि इकडे ‘नाना’ म्हणजे तिच्यावाचून!

यानंतर खरं तर पुस्तकं मिटायची. पण नाण्यांच्या एका जाड ग्रंथाचं पान उलटलं आणि मी थबकलो. कुशाण राजा कनिष्काचं नाणं. त्यावर उभी एक देवी आणि शेजारी ग्रीक वळणाच्या अक्षरांत तिचं नाव : नाना. कनिष्क हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. १९९३ मध्ये अफगाणिस्तानात रबातक इथं त्याचा एक शिलालेख सापडला. त्यात तो स्पष्ट सांगतो की आपल्याला राज्य मिळालं ते नानाकडून आणि इतर सर्व देवांकडून. आधी नाना, मग बाकीचे. मी मनात म्हटलं, वा! नानाच्या संमतीशिवाय घरात पान हलत नाही, हे तत्त्व इतकं जुनं आहे तर! त्या लेखात कनिष्काच्या सत्तेखालच्या गावांत साकेत आणि कौशांबीही आहेत. ती कानपूरच्या बाजूची, म्हणून ही माहिती व्याह्यांना कळवायची नाही असं मी तिथल्या तिथं ठरवलं.

ही नाना मूळची कनिष्काची नव्हे. ती आली इराकातून. तिथं उरुक नावाच्या पुरातन शहरात नानाया देवीचं ठाणं होतं. तिची मूर्ती एलामच्या लोकांनी पळवून नेली. असुरबनिपाल राजानं इ. स. पूर्व सातव्या शतकात ती परत आणली आणि कोरून ठेवलं की देवी रागावून दीड हजारांहून अधिक वर्षं परक्या घरी जाऊन राहिली होती. रुसवा म्हणावा तर असा. आमच्याकडे चार दिवसांच्या वर कोणाला जमत नाही. पुढं ती मध्य आशियात सरकली, सिंहावर बसली, चार हातांची झाली आणि समरकंदच्या आसपासच्या सोग्द लोकांची लाडकी देवी बनली. ही माणसं व्यापारी. चीनपर्यंत त्यांची ये-जा. मुलांची नावं ते देवीवरून ठेवत.

१९०७ साली ऑरेल स्टाइन यांना चीनच्या हद्दीवर, दुनह्वांगच्या पश्चिमेला, एका पडक्या पहारबुरुजात कागदांचं एक गाठोडं मिळालं. ती टपाल होती. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, सोग्द भाषेतली. त्यांतल्या एका पत्राचा लेखक नानै-वंदक. अर्थ, नानाचा दास. आपण त्याला सरळ नानादास म्हणू. तो समरकंदला घरी कळवतो की इकडे सगळा आकांत आहे, राजधानी जळाली, बादशहा पळाला, आपले कित्येक लोक उपाशी मेले, माझाही भरवसा धरू नका. एवढं सांगून झाल्यावर तो हिशेबाला लागतो. अमुक ठेव अमुक ठिकाणी आहे, ती काढा, वाढवा आणि घरातल्या एका पोरक्या मुलासाठी राखा. कस्तुरी पाठवली आहे तिचे पाच वाटे करा, त्यांतले तीन त्या पोराला द्या. पोराचं नाव लिहायला तो विसरत नाही.

पत्र समरकंदला गेलंच नाही. बुरुजातच राहिलं. आता ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सोळाशे वर्षं ज्या पोराची वाट चुकली त्याला तिकडे नानादासाची हाक काय होती, ‘बाबा’ होती की ‘काका’ होती, की नावातला पुढचा तुकडा तोडून नुसतं ‘नाना’, हे पत्रात लिहिलेलं नाही. मी त्या पानावर बराच वेळ बसून राहिलो. ग्रंथपालबाईंनी दिवे मालवायला सुरुवात केली तेव्हा उठलो.

एका नावाची ही अशी पांगापांग का, याचं कारण शेवटी रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाकडे मिळालं. जगभरच्या भाषांतले आई आणि बाप यांना म्हणायचे एक हजार बहात्तर शब्द मर्डॉक नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं जमवले होते. त्यांवर याकोबसननं १९६० साली एक निबंध छापला. आईच्या शब्दांपैकी निम्म्याहून अधिक शब्दांत म, न असे नाकातले वर्ण निघाले. बापाच्या शब्दांत ते फार थोडे. कारण साधं आहे. अंगावर पिणाऱ्या पोराचं तोंड बंद असतं, नाक मोकळं असतं. त्याला जो हुंकार काढता येतो तो नाकातून. पुढं भूक लागली की ते तोच आवाज काढतं. त्याला काही म्हणायचं असतं ते एवढंच की कोणीतरी या. मग जो जवळ असतो तो म्हणतो, मला हाक मारली! आई जवळ असेल तर आई, दाई असेल तर दाई, लाडकी कुत्री असेल तर कुत्री. कानपूरला बहुधा आजोळचे आजोबा जवळ बसलेले असणार. आणि माझ्या बाबतीत, बहिणीजवळ मी होतो.

हे सगळं मी व्याह्यांना फोनवर सांगितलं. कनिष्कासकट सांगितलं, राहवलं नाही. ते म्हणाले, “तो फिर फ़ैसला क्या हुआ?”

फैसला मी घानामधून आणला आहे. आफ्रिकेतल्या त्या देशात अकान लोक राजाला, सरदाराला, बाई असो की पुरुष, नाना म्हणतात. २०१७ पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत तिथले अध्यक्षही नाना आकुफो-आडो हेच होते. त्यांच्यात नाना म्हणजे आजोबा, नाना म्हणजे आजी आणि नाना म्हणजे नातवंडसुद्धा. हाक दोन्ही बाजूंनी एकच. तेलुगू बापही पोराला लाडानं ‘नान्ना’ म्हणतो, असं सुनेनं पाळणाघरात विचारून खात्री करून घेतली.

तेव्हापासून रविवारी व्हिडिओ लागला की इकडून मी आणि कानपूरहून व्याही, दोघेही एकदमच ओरडतो, “नाना!” पोरगी पडद्याकडे बघून दोन्ही हात वर करते आणि तेच परत ओरडते. कोणाला म्हणते ते आम्ही विचारत नाही. सध्या घरात चार नाना आहेत. केळी धरली तर पाच.